हिरो एक्सपल्स २००

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावी म्हणून हिरो मोटोकॉर्प या भारतीय कंपनीने बनवलेली २०० सीसी गटातील मोटरसायकल. नोव्हेंबर २०१७ मध्ये इटलीतील मिलानच्या प्रदर्शनात तिचे प्रारूप प्रथम दाखवले गेले. १ मे २०१९ रोजी ती भारतात विक्रीस आली. तेव्हा दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत कार्ब्युरेटरच्या गाडीला ९७,००० रुपये आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला १,०५,००० रुपये होती. एकवीस इंची पुढचे चाक आणि लांब चालीचे, म्हणजे चाकाला बरेच वर-खाली जाऊ देणारे सस्पेन्शन असलेली गाडी इतक्या पैशांत त्या वेळी दुसरी नव्हती. एक्सपल्सची ओळख घडली ती याच मुद्द्यावर. इंजिनाच्या ताकदीचा त्यात फारसा वाटा नाही.

हिरोची या वाटेवरची पहिली गाडी इम्पल्स. होंडापासून वेगळे झाल्यावर २०११ मध्ये कंपनीने आणलेली ही १५० सीसीची गाडी उंच होती, डौलदारही होती, पण घाटात आणि हायवेवर तिचा दम लवकर संपे. काही वर्षांत ती बंद पडली. एक्सपल्समध्ये सांगाडा नवा आला, सीसी वाढले. सोबतच निघालेल्या एक्सपल्स २००टी या भावंडाला सतरा इंची अलॉय चाके होती आणि ती रस्त्यापुरतीच होती. सेकंडहँड बाजारात नावाच्या सारखेपणामुळे या दोन गाड्यांची आजही गल्लत होते. ओळखण्याची सोपी खूण चाके: आऱ्यांची असतील तर मातीची गाडी, अलॉय असतील तर ‘टी’.

इंजिन १९९.६ सीसीचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, गिअर पाच. मूळ दोन व्हॉल्व्हचे इंजिन १८.४ पीएस (अश्वशक्ती) देई. २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांसाठी कार्ब्युरेटर गेला, ऑइल कूलर आला आणि ताकद किंचित घटली. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हची ‘४व्ही’ आली: ८,५०० आरपीएमला १९.१ पीएस, ६,५०० आरपीएमला १७.३५ न्यूटन-मीटर टॉर्क. पेट्रोलची टाकी १३ लिटरची. अंगावर येत नाही अशा वेगाने चालवल्यास लिटरला ३५ ते ४० किलोमीटर मिळतात, म्हणजे एका टाकीत साडेचारशे ते पाचशे किलोमीटर. हायवेवर ८० ते ९० हा तिचा सुखाचा वेग. त्यापुढे हँडल आणि पायटे थरथरू लागतात आणि ट्रकला ओलांडायला आधीच गिअर उतरवावा लागतो. मागे माणूस आणि सामान असेल तर खंबाटकीसारख्या चढावर चौथा गिअर गृहीत धरावा.

मातीत मात्र हीच कमी ताकद कामी येते. ओल्या लाल मातीवर मागचे चाक उगाच फिरत नाही, आणि नवशिक्याच्या हातून मूठ जास्त पिळली गेली तरी गाडी अंगावर उलटत नाही.

वजन आणि उंची यांचा हिशेब

४व्हीचे भरल्या टाकीसह वजन सुमारे १५८ किलो आहे. रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ होती १९९ किलोची, हिमालयन ४५० आहे १९६ किलोची आणि सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची. कागदावर दहा-वीस किलोंचा फरक किरकोळ वाटतो. पण जांभ्याच्या उतारावर आडवी पडलेली गाडी दिवसातून चौथ्यांदा एकट्याने उचलायची वेळ आली की चाळीस किलो म्हणजे काय ते कळते. ट्रेलसाठी, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या भटकंतीसाठी, गाडी निवडताना ‘किती पीएस’ विचारण्याआधी ‘पडली तर एकट्याला उचलता येईल का’ हे विचारावे. शोरूममध्ये हे कोणी करू देत नाही, म्हणून ओळखीच्या कोणाची गाडी गवतावर आडवी करून एकदा उचलून पाहावी.

सीटची उंची ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून अंतर २२० मिलिमीटर. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही चवडे जेमतेम टेकतात. सीट पुढे अरुंद असल्यामुळे एक पाय पूर्ण टेकवून दुसरा पायट्यावर ठेवण्याची सवय आठवड्याभरात जमते. सीट खालून कापून घेण्याचा मोह टाळलेला बरा: दोन इंच मिळतात, पण फोमचा आधार जातो आणि तासाभरात बूड दुखू लागते.

पुढचे शॉकअप ३७ मिलिमीटरचे, त्यांची चाल १९० मिलिमीटर. मागे एकच शॉकअप, चाल १७० मिलिमीटर, प्रीलोडचे (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचे) दहा टप्पे. एकट्याला मधला टप्पा पुरतो, मागे सामान बांधले की दोन-तीन टप्पे चढवावेत. हे न केल्यास मागची बाजू बसते, पुढचे चाक हलके होते आणि वळणावर गाडी बाहेर जाऊ पाहते. शहरातल्या गतिरोधकांवर आणि खड्ड्यांवर ही चाल जो आराम देते, तो याच किमतीच्या रस्त्याच्या गाडीत मिळत नाही. रोजच्या नोकरीसाठी एक्सपल्स घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना खरे तर हेच हवे असते; ट्रेलला ते वर्षातून दोनदा जातात, आणि त्यात वावगे काही नाही.

टायर, ब्रेक, चेन

पुढे ९०/९०-२१ आणि मागे १२०/८०-१८, दोन्ही ट्यूबचे. आऱ्यांची चाके दगडावर आपटली तर वाकतात पण फुटत नाहीत, आणि वाकलेली रिम गावातही सरळ करून मिळते. त्याची किंमत पंक्चरच्या वेळी मोजावी लागते, कारण ट्यूबलेससारखी बाहेरून वात घालून निघता येत नाही. चाक उतरवायचा पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पंप आणि एकवीस इंची ट्यूब एवढे सोबत हवेच. अडीअडचणीला तीच ट्यूब मागच्या अठरा इंची टायरात बसवून गावापर्यंत येता येते. उलटे सहसा जमत नाही, अठराची ट्यूब एकवीसमध्ये ताणली जाऊन फाटते. मातीत हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवतात. त्याहून कमी केली की दगडाच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला सापाच्या चाव्यासारखी दोन भोके पडतात. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरणे विसरू नये.

ब्रेक दोन्हीकडे डिस्क, पुढे २७६ आणि मागे २२० मिलिमीटर. जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. १ एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील सर्वच दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले आणि परवडणाऱ्या गाड्यांनी हा एका चाकाचा मार्ग धरला. मागचे चाक लॉक करून गाडी वळवता येत असल्याने मातीत तो सोयीचा आहे. पावसाळी डांबरावर मात्र मागचा ब्रेक घाबरून दाबला तर गाडी आडवी जाते. सुट्या खडीच्या उतारावर पुढचे एबीएस ब्रेक वारंवार सोडते आणि थांबायचे अंतर वाढते. २०२३ च्या आवृत्तीत म्हणूनच एबीएसचे रोड, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन मोड आले. त्याआधीच्या गाड्यांवर लोक एबीएसचा फ्यूज काढतात. तो परत बसवायचा राहून गेला की पहिल्या पावसात त्याची आठवण होते.

चेन घट्ट ठेवू नये. लांब चालीच्या गाडीत मागचे चाक वर जाताना स्विंगआर्म (ते चाक धरणारा दांडा) एका जागी पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चक्राच्या) सरळ रेषेत येतो आणि तिथे चेन सर्वाधिक ताणली जाते. स्टँडवर नीट भासणारी चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ देते. पुस्तिकेतले माप पाळावे, आणि शंका असल्यास चूक सैलपणाच्या बाजूने करावी. आऱ्यांचा ताण पहिल्या काही शे किलोमीटरनंतर तपासावा: स्क्रूड्रायव्हरने टिचकी मारल्यावर ‘टिंग’ यावे, ‘ठप’ आवाजाचा आरा सैल.

चिखलातून आल्यावर ऑइल कूलरच्या पात्यांत वाळलेला गाळ पाण्याच्या साध्या धारेने काढावा. तिथे प्रेशर वॉशरचा नोझल जवळ नेला तर पाती वाकतात. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प हाताने जोर लावून फिरतील एवढेच आवळावेत, म्हणजे पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. तरीही एक क्लच लिव्हर आणि एक क्लच केबल सीटखाली असावी.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. गाडी बाहेर काढून स्पार्क प्लग खोलावा, एअर फिल्टरच्या डब्यातले पाणी ओतावे, वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवून सिलिंडर रिकामा करावा. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

रॅलीचे रूप

कंपनीने २०२० मध्ये ३८,००० रुपयांचा रॅली किट काढला: पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर चालीचे, पूर्ण जुळवता येणारे सस्पेन्शन, मॅक्सिसचे खाचदार टायर, उंच हँडल, लांब साइड स्टँड. पुढे तोच साज ‘रॅली एडिशन’ आणि २०२३ मध्ये ‘प्रो’ या नावाने कारखान्यातूनच मिळू लागला. प्रोची सीट ८९१ मिलिमीटर उंच आहे. मातीत ती खरोखर वेगळीच गाडी आहे, पण सिग्नलला दर वेळी पायाच्या बोटांवर उभे राहायची तयारी हवी. रोजच्या ये-जा करणाऱ्याने हा खर्च करू नये.

जानेवारी २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० पाण्याने थंड होणारी, २४.६ पीएसची, सहा गिअरची आहे. चाल पुढे २१० आणि मागे २०५ मिलिमीटर. किंमत १,७५,८०० रुपयांपासून ठेवली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने जुने आकडे आता जसेच्या तसे धरता येत नाहीत. हायवेवरची मूळ तक्रार २१० ने बरीच मिटवली. वजन मात्र दहा-बारा किलोंनी वाढले, रेडिएटर आला, आणि रेडिएटर दगडाला किंवा पडण्याला भितो. आठवड्यातले बहुतेक किलोमीटर द्रुतगतीचे असतील तर २१० घ्यावी. घर ते ऑफिस आणि सुटीत माती एवढाच पल्ला असेल तर चांगली राखलेली ४व्ही पुरते.

अशी वापरलेली गाडी घेताना मीटरपेक्षा खालचे भाग पाहावेत. इंजिनाखालच्या बॅशप्लेटवर पोचे असणे ठीक, पण तिच्या वरच्या बाजूला ऑइलचा ओलावा नको. पुढचा ब्रेक दाबून शॉकअप दहा वेळा दाबावेत आणि नळ्यांवर तेलाचे वळे उमटते का पाहावे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे जाणवले तर कोनसेट (हँडलचे बेअरिंग) गेला आहे. स्विंगआर्म आडवा हलवून पाहावा. स्प्रॉकेटचे दात शार्कसारखे वाकडे झाले असतील तर चेनसह सगळा सेट बदलायचा खर्च बोलणीत धरावा.