अधिवेशनाआधी आमच्याकडे येताना यादी कोणती आणावी?

नमस्कार मंडळी,

पक्षांच्या अधिवेशनाची तयारी फी घेऊन करून देणं हे आमचं काम. पक्षाचं जिल्हा किंवा विभागीय अधिवेशन जाहीर झालं की आमच्या जळगावच्या कार्यालयात फोन सुरू होतात. कुणाला जिल्हाध्यक्षपदासाठी नाव पुढं आणायचं असतं, कुणाला ठराव मंजूर करून घ्यायचा असतो. कुणाचं म्हणणं एवढंच की आमच्या तालुक्याला एकदा नीट बोलू द्या. या तिन्ही कामांत आमचे नाना मदत करतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या कित्येक निवडी आणि बंडं त्यांनी आतून पाहिली आहेत. कोणता प्रतिनिधी कुणाच्या शब्दाबाहेर जात नाही, हे सांगणारा त्यांच्यासारखा माणूस या भागात मिळणं कठीण.

पण नानांचे पहिले काही दिवस दर वेळी एकाच गोष्टीत जातात, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

‘यादी आणा’ म्हटलं की बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधली नावं उतरवून आणतात. नावं भरपूर असतात, पण त्यात वाढदिवसाचे बॅनर लावणारी पोरं, भाऊबंद, गावातले हितचिंतक असे सगळेच असतात. ही माणसं सभेला गर्दी करतील, घोषणा देतील. निवडीच्या वेळी मात्र हात फक्त प्रतिनिधीचा मोजला जातो. प्रतिनिधी कोण, हे त्या त्या पक्षाच्या घटनेवर ठरतं. कुठं तालुकाध्यक्ष आणि आघाड्यांचे पदाधिकारी पदसिद्ध असतात, कुठं फक्त क्रियाशील सदस्यांना अधिकार असतो. म्हणून आधी पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून अधिकृत प्रतिनिधी यादी मिळवा आणि तीच आणा. कुणाच्या सदस्यत्वाची पावती थकली असेल तर ते अधिवेशनाच्या दारात कळून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे, नावापुढं ‘आपलाच’ असं लिहून आणू नका. नाना प्रत्येक नावावर बोट ठेवून तीनच प्रश्न विचारतात. यांच्याशी तुम्ही स्वतः शेवटचं कधी बोललात? मागच्या निवडीत हे कुणाच्या बाजूनं होते? आणि कुणाचा फोन आला तर यांना नाही म्हणता येत नाही? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच नाव पक्कं. पानभर ‘आपलाच’ असलेल्या यादीत अशी पक्की नावं चार-पाच निघतात. उमेदवाराचा चेहरा पडतो, आम्हालाही वाईट वाटतं. पण हे त्याला कार्यालयात कळावं, मंडपात नको, म्हणूनच आम्ही इतकं खोदून विचारतो.

तारीख आणि वेळही बघावी लागते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, त्या दिवसांत शहादा भागातली माणसं तुमच्या मंडपात बसतील ही आशा धरू नका. धडगावचे प्रतिनिधी तर दिवस मावळायच्या आत घाटाच्या वाटेला लागतात. निवडीचा विषय विषयपत्रिकेत शेवटी असेल तर तुमची हक्काची मतं सातपुड्यात पोहोचलेली असतात. तो विषय दुपारच्या जेवणाआधी घ्यायला लावणं हे नानांचं काम, पण त्यासाठी विषयपत्रिका छापून होण्याआधी आमच्याकडे यायला हवं.

ठरावाचंही तसंच. फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आपल्याकडं प्रत्येक भाषणात येतं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, नंदलाल बोस यांनी सजवलेलं टिळकनगर, सगळं खरं. पण तिथं मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमाची तयारी त्याच वर्षीच्या एप्रिलपासून चालू होती. लखनौच्या अधिवेशनानं प्रांतिक समित्यांकडून सूचना मागवल्या होत्या, डिसेंबरात फैजपूरला कार्यक्रम ठरला. ‘केळीला योग्य भाव मिळावा’ असा आदल्या रात्री लिहिलेला ठराव टाळ्या घेतो आणि फाइलीत जातो. केळीचा हवामानावर आधारित विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. तेव्हा ‘प्रत्येक मंडळातलं केंद्र हंगामाआधी शेतकऱ्यांसमोर तपासावं’ असा ठराव मांडा. केळीच्या पट्ट्यातला रावेर-यावलचा प्रतिनिधी त्याला स्वतःहून अनुमोदन देईल. मसुदा, सूचक, अनुमोदक आणि बोलणाऱ्यांचा क्रम आम्ही ठरवून देतो.

‘पद नक्की का?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. तशी हमी देणाऱ्यापासून सांभाळून राहा. पाकिटं पोहोचवण्याचं काम आमच्याकडं होत नाही. एका अधिवेशनात एकाच बाजूचं काम घेतो, त्यामुळं तुमचा प्रतिस्पर्धी आधी येऊन गेला असेल तर तुम्हाला नम्रपणे परत पाठवू. अर्धी फी आगाऊ घेतो, कारण यादी पडताळायला नाना स्वतः तालुक्यांत फिरतात आणि ते काम निकालाची वाट बघत नाही. नाना व्यासपीठावर बसत नाहीत, फोटोही काढून देत नाहीत. त्यात मान-अपमानाचा प्रश्न नाही. त्यांचा चेहरा दिसला की समोरची बाजू सावध होते.

पहिली भेट मोफत आहे. अधिवेशनाला महिनाभर तरी असताना या, आठवडा उरल्यावर आलात तर फक्त ठरावाचा मसुदा करून देऊ. येताना अधिकृत प्रतिनिधी यादी, पक्षाची घटना आणि मागच्या अधिवेशनाचं इतिवृत्त मिळालं तर तेही आणा. सोबत दोनच माणसं आणा, आणि त्यांतला एक तरी तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकणारा असावा.