वापरलेले कपडे परदेशी पाठवताय? पार्सल बांधण्याआधी हे वाचा

"घरचेच कपडे आहेत, धुऊन इस्त्री केलेत, मग कस्टम्सला अडचण काय?" असं ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. अडचण असते, आणि कपडा स्वच्छ आहे म्हणून ती टळत नाही.

काही देशांनी वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर बंदीच घातली आहे. फिलिपिन्समध्ये व्यापारासाठी अशी आयात १९६६च्या कायद्याने बंद आहे. जनतेचं आरोग्य आणि राष्ट्राची प्रतिष्ठा ही कारणं त्या कायद्याच्या शीर्षकातच आहेत. इंडोनेशिया आणि नायजेरियातही बंदी आहे, तर भारतात आयात परवाना लागतो. रवांडाने २०१६ साली किलोमागे २० सेंटचं शुल्क थेट अडीच डॉलरवर नेलं. आरोग्याचं कारण खोटं नाही, पण आमच्या मते खरी चिंता वेगळीच असते: किलोवर विकल्या जाणाऱ्या परदेशी जुन्या मालापुढे तिथल्या गिरण्या आणि शिंपी टिकत नाहीत.

कस्टम्सच्या वर्गवारीत या मालाचा क्रमांक ६३०९. त्यात बसायला कपड्यावर वापराच्या ठळक खुणा हव्यात आणि माल सुटा ढिगाने किंवा गाठी-पोत्यांत बांधून आलेला हवा. म्हणजे या वर्गवारीचा रोख गठ्ठ्यांच्या व्यापारावर आहे. तरी 'आपला तर एकच खोका आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. पोहोचण्याच्या देशाचा नियम याहून कडक असू शकतो.

प्रवाशाने सोबत नेलेले स्वतःचे कपडे सहसा वैयक्तिक सामानात धरले जातात. त्यामुळे कुणी जाणारं असेल तर त्यांच्याच बॅगेत द्या. आमचा धंदा बुडाला तरी सल्ला हाच! बिऱ्हाड हलवत असाल तर प्रत्येक खोक्याची यादी करा आणि सामान राहायला जाणाऱ्याच्याच नावावर पाठवा.

दानाच्या कपड्यांना आपोआप सूट मिळते, असं समजू नका. हेतू चांगला असला तरी माल गाठींतच जातो. तिथल्या संस्थेकडून आधी परवानगीचं पत्र मागवा. ते हातात आल्याशिवाय आम्ही बुकिंग घेत नाही.

जुन्या कपड्यांवर 'नवे' असं लिहून द्यायचा आग्रह कृपया करू नका. झिजलेली कॉलर पाहताच तपासणाऱ्याच्या ध्यानात येतं. मग चुकीच्या घोषणेचा दंड वेगळा लागतो, आणि माल जप्त होतो, नष्ट केला जातो किंवा पाठवणाऱ्याच्या खर्चाने परत येतो.

बुकिंगच्या वेळी देश, अंदाजे वजन आणि कपडे कुणासाठी आहेत एवढं सांगा. त्या देशाचा त्या वेळचा नियम पाहूनच आम्ही पार्सल स्वीकारतो.