जॉर्ज ईस्टहॅमचा खटला: क्लब सोडायच्या हक्काची पार्श्वभूमी

करार संपला की फुटबॉलपटू मोकळा, हे आज कोणाला सांगावंही लागत नाही. इंग्लंडमध्ये १९६३ पर्यंत मात्र तसं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ पद्धत चालत आली होती. हंगाम संपला की क्लब आपल्याकडे ठेवायच्या खेळाडूंची यादी काढायचा. त्या यादीत नाव आलं की करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच ताब्यात. नवा करार नाकारला तर पगार बंद, आणि लीगच्या दुसऱ्या क्लबाकडे जायची वाटही बंद. वर पगाराला कमाल मर्यादा: १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंड, १९५८ पासून २० पौंड, उन्हाळ्यात त्याहून कमी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. प्रेस्टन क्लबच्या टॉम फिनीला १९५२ मध्ये इटलीतल्या पालेर्मोने १०,००० पौंड देऊ केले, शिवाय बंगला आणि गाडी. प्रेस्टनने नाही म्हटलं, विषय संपला. फिनी प्लंबिंगचा धंदा सांभाळत तिथेच खेळत राहिला.

ईस्टहॅम ब्लॅकपूलचा, जन्म १९३६. वडिलांचं नावही जॉर्जच, आणि तेही इंग्लंडकडून खेळलेले. उत्तर आयर्लंडच्या आर्ड्स क्लबात बापलेक एकत्र खेळले. तिथून १९५६ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने मुलाला घेतलं. अंगाने किरकोळ, पण डाव्या पायाच्या पासला तोड नाही.

पुढे खटके उडाले. क्लबाने दिलेलं घर राहण्याजोगं नाही, लावून दिलेलं दुसरं काम धड नाही, अशा त्याच्या तक्रारी होत्या. १९६० मध्ये त्याने नवा करार नाकारला आणि बदली मागितली. क्लबाने नकार दिला. मग गड्याने खेळणंच सोडलं आणि दक्षिणेत सरेमध्ये जाऊन चक्क बुचाचा माल विकायची नोकरी धरली! ऐन चोविशीत महिनोन्‌महिने मैदानाबाहेर राहायचं म्हणजे सगळी कारकीर्दच पणाला लावण्यासारखं होतं. अखेर त्या वर्षाच्या शेवटी क्लब नमला आणि ४७,५०० पौंडांना तो आर्सेनलकडे गेला.

हवं ते मिळाल्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. पण खेळाडूंची संघटना पाठीशी उभी राहिली, कोर्टाचा खर्च तिने उचलला आणि ईस्टहॅम न्यूकॅसलविरुद्ध हायकोर्टात गेला. दरम्यान जिमी हिलच्या नेतृत्वाखाली याच संघटनेने संपाची धमकी देऊन जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठवून घेतली होती आणि फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घेऊ लागला होता. गाजलं ते हेच. पण पगार कितीही वाढला तरी नको तिथून निघता येत नसेल तर वाटाघाटीत खेळाडूचा हात खालीच राहतो, त्यामुळे माझ्या मते खरा घाव ईस्टहॅमचा. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत म्हणजे पोटापाण्याच्या धंद्यावर घातलेलं गैरवाजवी बंधन असल्याचा निकाल दिला. गंमत अशी की खेळाडूने स्वतःच खेळायला नकार दिला होता, या कारणाने त्याचा बुडालेल्या पगाराचा दावा मात्र फेटाळला गेला.

पुढे तो इंग्लंडकडून १९ सामने खेळला. १९६६ च्या विश्वविजेत्या संघात होता, पण त्या स्पर्धेत एकदाही मैदानात उतरला नाही. १९७२ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात वयाच्या ३५व्या वर्षी चेल्सीविरुद्ध विजयी गोल करून त्याने स्टोक सिटीला चषक मिळवून दिला. २०२४ च्या डिसेंबरात तो वारला.

निकालाने खेळाडूला डांबून ठेवणं थांबलं, पण करार संपलेल्या खेळाडूसाठीही पैसे मागायची क्लबांची मुभा शाबूत राहिली. तीही गेली ती १९९५ मध्ये, बेल्जियमचा फुटबॉलपटू जाँ-मार्क बोस्मान याच्या खटल्यात.