आर्टिचोकची विभागणी व अभिवृद्धी

ग्लोब आर्टिचोकच्या (कळ्यांसाठी वाढविली जाणारी भाजी; शास्त्रीय नाव : सिनारा कार्डुंक्युलस, प्रकार स्कोलिमस, कुल : ॲस्टरेसी) जुन्या ठोंबापासून मुनवे (बुडख्यातून फुटणारे कोंब) सोडवून नवी लागवड करण्याची पद्धत. जेरुसलेम आर्टिचोक ही सूर्यफुलाच्या प्रजातीतील निराळी वनस्पती असून ती कंदांपासून लावतात.

आर्टिचोकच्या प्रत्येक फुलात परागकोश आधी पक्व होतात व किंजल्क काही दिवसांनी. त्यामुळे परपरागण होते आणि बियांपासून आलेली रोपे एकसारखी निपजत नाहीत. पुष्कळ रोपांत काटेरी पाने व लहान कळ्या दिसतात. मुनव्यांतून मात्र मातृवनस्पतीचे गुण जसेच्या तसे उतरतात. ‘इंपिरियल स्टार’सारखे बियांपासून घेण्याजोगे वाण अलीकडचे आहेत.

मुनव्यांची लागवड केव्हापासून होते, हा प्रश्न या वनस्पतीच्या उगमाशी जोडलेला आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये आर्टिचोक व कार्डून (देठांसाठी खाल्ली जाणारी जवळची वनस्पती) या दोन स्वतंत्र जाती मानल्या होत्या. दोन्ही एकाच रानटी कार्डूनपासून निघाल्या, या मताला आनुवंशिक अभ्यासाने आधार मिळाला असून दोहोंचा सहज संकर होतो, हेही त्याला पोषक आहे. आर्टिचोक सिसिलीच्या परिसरात, बहुधा रोमन काळात, माणसाळविले गेले असावे. कार्डून पश्चिम भूमध्य प्रदेशात त्यानंतर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक कॉल्युमेला ‘सिनारा’चे मुनवे शरद संपाताच्या (सप्टेंबरात दिवस-रात्र समान असण्याच्या) सुमारास लावावेत, बी मार्चच्या आरंभी पेरावे आणि रोपांना भरपूर राख घालावी, असे सांगतो. हे वर्णन आर्टिचोकचे की कार्डूनचे, याबद्दल मतभेद आहेत. तथापि देठांसाठी वाढविलेला कार्डून आजही मुख्यतः बियांपासूनच घेतात. म्हणून मुनव्यांचा हा उल्लेख निवडक कळ्यांचे वाण जपण्याकडे बोट दाखवितो, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अरबी ‘अल्-खर्शूफ’पासून स्पॅनिश ‘अल्काचोफा’ व इटालियन ‘कार्चोफो’ ही नावे आली. त्यावरून अरबांनी मध्ययुगात या पिकाचा प्रसार केला असे दिसते. उगम त्यांच्याकडे नेण्यास तेवढा पुरावा पुरेसा नाही.

थंड हवामानात वसंत ऋतूत मुनवे सुमारे २०–२५ सेंमी. उंच झाले, की ठोंबाभोवतीची माती उकरून धारदार सुरीने ते बुडख्याशी कापतात. खालच्या टोकाला जुन्या खोडाचा तुकडा व थोडी मुळे असणे आवश्यक असते. नुसता ओढून काढलेला मुनवा बहुधा जगत नाही. बाष्पीभवन कमी व्हावे म्हणून पाने निम्मी छाटतात. मुनव्याचा वाढबिंदू मातीत गाडला गेल्यास तो कुजतो, म्हणून लागवड उथळ करतात. दोन रोपांत साधारण ९० सेंमी. अंतर ठेवतात. मूळ ठोंबावर दोन-तीन जोमदार मुनवे राखतात. दर ३–४ वर्षांनी विभागणी केली नाही, तर ठोंब दाटतो व कळ्या लहान होत जातात.

इटलीत उन्हाळी सुप्तावस्थेतील भूमिगत कोंबही वापरतात. त्यांना ‘ओव्होली’ म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी देऊन ते जागे केले, की अगाप (लवकर येणाऱ्या) वाणांचे पीक शरद ऋतूतच हाती येते.

मुनव्यांबरोबर आर्टिचोक सुप्त विषाणू व मर रोग आणणारे व्हर्टिसिलियम कवकही नव्या वाफ्यात जाते. ऊतिसंवर्धनाने (प्रयोगशाळेत ऊतींच्या तुकड्यांपासून रोपे वाढवून) विषाणुमुक्त रोपे मिळविता येतात. परंतु अशा रोपांत अगाप वाणांचा लवकर कळ्या धरण्याचा गुण काही वेळा हरपतो.