ड्रायव्हर बिघडलाय की बायोसची सेटिंग?

मे महिन्यातली दुपार, लातूरचं ऊन, आणि भाच्याचा फोन. "मामा, लॅपटॉप गेला. दुकानवाला म्हणायलाय एसएसडी उडाली, फॉरमॅट मारावं लागंल."

"एसएसडी उडाली असंल तर फॉरमॅट कशावर मारायलाय तो?" असं विचारलं, तर पलीकडं शांतता. एसएसडी म्हणजे सगळा डेटा ठेवणारी डिस्क, आणि फॉरमॅट म्हणजे तीच पुसून विंडोज नव्यानं टाकणं.

भाचा सिव्हिलवाला. औशाजवळच्या एका साइटचे सगळे ड्रॉइंग त्या लॅपटॉपात. घरी आणल्यावर चालू केला, तर निळा स्क्रीन आणि खाली 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. आदल्या दिवशी काय केलं होतं म्हणाल, तर पंख्यात धूळ बसली म्हणून साफ करायला दिला होता. उघडताना मोठ्या बॅटरीची पिन काढली आणि 'रिसेट व्हावं म्हणून' नाण्याएवढा छोटा सेलही काढला. मी एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उठणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये शिरलो. तारीख कित्येक वर्षं मागची दाखवत होता. सगळं तिथंच उलगडलं. सेल काढल्यामुळं सेटिंग कंपनीच्या मूळ अवस्थेत गेल्या होत्या, आणि स्टोरेजच्या पानावर 'रेड ऑन' असं टिक होतं. विंडोज टाकताना मात्र तिथं 'एएचसीआय' होतं. डिस्कशी बोलायच्या या दोन वेगवेगळ्या पद्धती. ते परत एएचसीआय केलं, सेव्ह केलं, आणि औशाचे ड्रॉइंग जिथल्या तिथं उघडले.

दुकानवाल्याला खोटं बोलायचं होतं असं मला वाटत नाही. आपल्याकडं लॅपटॉपची कुठलीही तक्रार असो, उत्तरं दोनच: 'ड्रायव्हर टाकून बघू' किंवा 'फॉरमॅट मारू'. बायोस नावाचं तिसरं घर आहे, हे लक्षातच येत नाही. कारण ड्रायव्हरचा घोळ आणि बायोसचा घोळ बाहेरून सारखेच दिसतात. कॅमेरा चालत नाही, वायफाय नाही, ग्राफिक्स कार्ड रुसलंय. तक्रार एकच, मूळ वेगळं.

ड्रायव्हर हा विंडोजच्या पोटातला प्रोग्रॅम. डिस्कवर राहतो, विंडोज उठल्यावर उठतो, आणि फॉरमॅट मारला की विंडोजबरोबर जातो. बायोस मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये बसलेला असतो. पॉवरचं बटण दाबल्याबरोबर तो आधी जागा होतो, कोणकोणते भाग चालू ठेवायचे हे ठरवतो, मग विंडोजला हाक मारतो. आजकाल त्याचं खरं नाव यूईएफआय आहे, पण सगळे बायोसच म्हणतात, मीही म्हणतो. मुद्दा असा की फॉरमॅट मारून त्याच्या सेटिंगला धक्काही लागत नाही. चारदा विंडोज टाका, बायोसनं बंद केलेला कॅमेरा बंदच राहणार.

ओळखायचं कसं? स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. भाग यादीत दिसतोय, पण पिवळा त्रिकोण आहे किंवा नुसतं 'अननोन डिव्हाइस' लिहिलंय, तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरकडं. त्यावर डबल क्लिक केलं की कोड दिसतो. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे भाग सुरूच होईना. २२ म्हणजे कुणीतरी तिथूनच बंद केलाय, नुसतं 'एनेबल' करायचं. ४३ जरा फसवा आहे. भागानंच अडचण कळवली म्हणून विंडोजनं त्याला थांबवलंय, त्यामुळं ड्रायव्हर बदलूनही तो हटला नाही तर हार्डवेअरकडं बघायचं. अननोन डिव्हाइस नेमका कोणता, हे 'डिटेल्स'मधल्या हार्डवेअर आयडीवरून कळतं: ८०८६ असेल तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हीडिया, १००२ असेल तर एएमडी.

आणि भाग यादीत दिसतच नसेल, तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. जे विंडोजला दिसतच नाही, त्याला ड्रायव्हर कशाला लावणार? मग बायोस. डेलमध्ये एफ२, एचपीत एफ१०, थिंकपॅडवर एफ१. वर्कस्टेशन, म्हणजे कॅडसारख्या जड कामाच्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये कॅमेरा, वायफाय, ब्लूटूथ, माइक, कार्ड रीडर यांची वेगवेगळी टिक असते, कारण हे लॅपटॉप मुळात ऑफिसांसाठी बनतात आणि तिथं अशा गोष्टी मुद्दाम बंद ठेवतात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून निघालेले असे जुने लॅपटॉप आपल्याकडची इंजिनीअरिंगची पोरं घेतात. घेताना बायोसला पासवर्ड नाही ना, एवढं दुकानातच उभं राहून बघून घ्या.

तरी शंका असेल, तर पेनड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) लावायचं, इन्स्टॉल न करता. त्यात वायफाय चाललं, तर कार्डही ठीक, बायोसही ठीक, घोळ विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये. उबुंटूतही नाही चाललं, तर मात्र एवढ्यावरून निकाल देता येत नाही. तिथंही ड्रायव्हर लागतातच.

ग्राफिक्सच्या बाबतीत गोंधळ जास्त. अशा लॅपटॉपात बहुधा दोन कार्डं असतात, एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रडतखडत चालतंय आणि यादीत दोन्ही कार्डं नीट दिसतायत, तर बायोसकडं जाऊच नका. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडून ऑटोकॅडला 'हाय परफॉर्मन्स' द्या. आता उलट बघा. यादीत इंटेलचं कार्ड गायब, फक्त एनव्हीडिया दिसतंय. लोक घाबरतात. पण बायोसमध्ये 'हायब्रिड' (दोन्ही कार्डं) ऐवजी 'डिस्क्रीट' (फक्त वेगळं कार्ड) निवडलं असेल तर तसंच दिसणार. तो बिघाड नव्हे. बॅटरी लवकर उतरेल, एवढंच. ड्रायव्हरही सगळ्यात नवा तोच चांगला, असं कॅडवाल्यांनी समजू नये. सॉफ्टवेअर कंपनीनं तपासून मान्य केलेला जुना ड्रायव्हर कित्येकदा जास्त शहाणा निघतो.

एक ठिकाण असं आहे की तिथं दोन्ही रस्ते एकाच गावाला जातात. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांवर विंडोज टाकायला बसलं की डिस्कच दिसत नाही. कारण बायोसमध्ये व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो. एक तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, नाही तर इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' दाबा. मी दुसराच रस्ता धरतो, सेटिंगला हात लावायचा नाही. चालत्या विंडोजवर मात्र ही सेटिंग थेट बदलली, की भाच्यासारखा निळा स्क्रीन. बदलायचीच असेल तर आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमधून सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरवर उठणं) लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, आणि सेफ बूट काढून टाका. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी ते 'सस्पेंड' करा, नाही तर ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.

अपडेटचंही तसंच. ड्रायव्हर चुकीचा बसला तर मागचा परत आणायला 'रोल बॅक' आहे. बायोस अपडेट अर्ध्यात बंद पडला तर लॅपटॉप उठतच नाही अशी वेळ येऊ शकते. म्हणून ते चार्जर आणि भरलेली बॅटरी दोन्ही मागतं. आपल्याकडं लाईटचा भरवसा किती, हे सांगायला नको. बॅटरी गेलेल्या लॅपटॉपवर बायोस अपडेट करायचाच नाही.

आणि कधीकधी दोघंही निर्दोष असतात. १८० किंवा २४० वॅटचा चार्जर मागणाऱ्या लॅपटॉपला डुप्लिकेट चार्जर लावला आणि लॅपटॉपला तो ओळखता आला नाही, तर प्रोसेसर १ गिगाहर्ट्झच्याही खाली अडकून बसू शकतो. ड्रायव्हर टाकून काही होत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लोक हेच गरमीवर ढकलतात. पण गरमीनं मंद होणारा लॅपटॉप आधी पळतो, पंखा ओरडायला लागतो, मग दमतो. चार्जरवाला पहिल्या मिनिटापासूनच लंगडतो.

भाच्यानं आता बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय. पुढच्या खेपेला पंखा साफ करायला देताना दुकानवाल्याला सेल काढू नको म्हणून सांगणार आहे.