पाळी चुकायच्या आधीची शुगर

आमच्या यावल-रावेर पट्ट्यात घरात केळी नाही असं होतच नाही, त्यामुळे मामेबहिणीला ऐन पंचविशीत शुगर निघाली तेव्हा घरात पहिला प्रश्न काय, तर "आता केळी बंद का?" आणि दुसरा, "मूलबाळ होईल ना?" होतं हो. पण दिवस राहायच्या आधी शुगर किती असायला पाहिजे हे मात्र कोणीच विचारलं नाही.

खरी गोम तिथेच आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतो ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, हृदयही त्याच सुमारास घडतं. आता हिशोब करा, पाळी चुकली, आठ दिवस वाट पाहिली, मेडिकलवरून किट आणलं, तोवर ती नळी मिटत आलेली असते! त्या दिवसांत आईची शुगर चढलेली असेल तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून तयारी दोन-तीन महिने आधी. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या शुगरची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, शक्यतो 6.5 टक्क्यांच्या खाली आणायची, 10 च्या वर असेल तर डॉक्टर थांबाच म्हणतात. फॉलिक अॅसिडही आधीपासूनच, डायबेटीसवालीला बऱ्याचदा मोठा डोस देतात. बीपी-कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या बाळाला चालत नाहीत, त्या विचारून बदलून घ्यायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. डोळ्यांचा पडदा पण तपासून घ्यायचा.

बहिणीला सासूबाई दर महिन्याला विचारायच्या गोड बातमी कधी, ती म्हणायची आधी गोड तर कमी होऊ द्या.

दिवस गेल्यावर वेगळीच गंमत. आईची साखर वारेतून (प्लेसेंटातून) बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, त्याने चरबी साठते, खांदे रुंद होतात, आणि आपण म्हणतो काय गुटगुटीत आहे! नाळ कापली की साखर बंद पण इन्सुलिन चालूच, म्हणून अशा बाळाची शुगर पहिल्या काही तासांत घसरू शकते आणि नर्स टाच टोचत राहते. पाचव्या महिन्यानंतर वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिन नीट चालत नाही, डोस वाढत जातो, यात बाईची चूक काही नसते. आणि इन्सुलिन लागलं म्हणजे केस बिघडली हे तर डोक्यातून काढाच.

आधी शुगर नव्हती त्यांनाही गरोदरपणात होते. सरकारी दवाखान्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात, उपाशी जायची गरज नाही, 140 किंवा वर आली की उपचार सुरू. पहिल्या भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा.

खाण्याचं म्हणाल तर कळण्याची भाकरी आणि भरीत खुशाल खा, फक्त भाकरी मोजून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे आणि आमरस एकाच ताटात मात्र नको. उपाशीपोटी 95 च्या आत, जेवल्यावर दोन तासांनी 120 च्या आत, मीटरवर बघितलं की अर्धं केळं झेपतं का ते आपलं आपल्याला कळतं.

आणि डिलिव्हरीनंतर सगळे बाळात रमतात, पण गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे कायमची होऊ शकते. बाळाला दीड महिन्याच्या लसीला न्याल ना, तेव्हाच आईची पण तपासून घ्या.