धूळ किती, यापेक्षा धुळीत काय

२०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला आणि हवेची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जळगावचंही नाव आलं. ती मर्यादा म्हणजे वजन. एक घनमीटर हवेत अडीच मायक्रॉनपर्यंतचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण वर्षाच्या सरासरीने ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नकोत, असं आपलं २००९ चं मानक सांगतं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ च म्हणते. वाद आकड्याचा आहे, पण काटा दोघांचाही वजनाचाच.

त्याला कारण आहे. डिसेंबर १९५२ च्या लंडनच्या धुरक्यात हजारो माणसं दगावली, आणि पुढे धूर मोजायची सवय लागली. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास आला. सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा सर्वांत मळक्या शहरात मृत्युदर २६ टक्क्यांनी जास्त निघाला. आता, नाकावाटे जाणारी धूळ हृदयविकाराने माणूस का मारते, हे वजनावरून कळायला मार्ग नव्हता.

मला यातलं सगळ्यात बोलकं वाटतं ते अमेरिकेतल्या यूटा खोऱ्यातलं प्रकरण. तिथला पोलाद कारखाना कामगारांच्या वादात १९८६ च्या ऑगस्टपासून वर्षभराहून थोडा अधिक काळ बंद राहिला. तिथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक आर्डेन पोप यांनी दवाखान्यांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजाराने दाखल होणारी मुलं बंद काळाच्या दुप्पट-तिप्पट होती. त्या वर्षांचे धूळ धरलेले फिल्टर कुणीतरी जपून ठेवले होते (सरकारी कपाटांचे उपकार कधीकधी असेही फिटतात). पुढे त्यांचा अर्क, सारख्याच वजनाचा, स्वयंसेवकांच्या फुप्फुसात सोडला. कारखाना चालू असतानाच्या धुळीने जास्त दाह झाला. त्या धुळीत धातू जास्त होते.

धातू काय करतात, ते रसायनशास्त्राला जुनंच ठाऊक होतं. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की काय होतं, ते रसायनशास्त्रज्ञ फेन्टन यांनी १८९४ मध्येच लिहून ठेवलं होतं. या जोडीतून निघणारा हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अस्थिर रेणू समोर येईल त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतो: पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए. लोह इथे मुकादमासारखं, स्वतः खर्ची पडत नाही आणि काम करून घेतं. धुरातली क्विनोन नावाची संयुगंही असंच चक्र फिरवतात. फुप्फुसाच्या आतल्या ओलाव्यात क जीवनसत्त्व आणि ग्लुटाथिओन नावाचं शरीरातलंच संयुग असे पहारेकरी असतात. ते पुरे पडले नाहीत की जी अवस्था येते तिला जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे नाव दिलं. मग दाह सुरू होतो, त्याचे निरोप रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांचं अस्तर कडक होतं, साचलेली चरबी बिघडते. हृदयाचा धागा इथे जुळला.

खान्देशात हे सगळं एकाच आभाळाखाली आहे. मे महिन्यात काळ्या रानाची धूळ उडते तेव्हा आकडा चढतो. पण त्यात माती बरीच. ती निरुपद्रवी नाही, तरी जळणातून आलेला कण तेवढ्याच वजनात साधारणपणे जास्त खोडी करतो. तो भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राच्या कोळशातून येतो, मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ट्रकांतून येतो (डिझेलचा धूर २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोगकारक आहे), आणि घरातूनही. कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात, त्याच पुढे चुलीत जातात. फुकणी तोंडाला लावून वाकलेल्या बाईच्या नाकाशी किती धूर असतो, हे चुलीच्या धुराचे अमेरिकन अभ्यासक कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शेजारच्या गुजरातेतल्या खेड्यांत मोजलं होतं. शहरातल्या चौकात उभं असलेलं यंत्र ते धरत नाही.

कणांची ऑक्सिडीकरणाची, म्हणजे असे इलेक्ट्रॉन हिसकावण्याची, ताकद मोजायच्या प्रयोगशाळेतल्या पद्धती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाल्या आहेत. युरोपीय संघाने २०२४ च्या हवा निर्देशात ती बाब मोजणीत घेतली. आपल्या मानकात अजून वजनच आहे, त्यामुळे बांधावरची माती आणि पऱ्हाटीचा धूर एकाच रकान्यात पडतात.